तीन देशांचा पाठिंबा, मुक्काम सेंदाई

तोक्योशेजारच्या ग्योतोकुला आमच्या इमारतीत सात मराठी कुटुंबं होती. सहा घरांतली माणसं कॉम्प्युटरवर काम करायची, त्यामुळे तिथे 'काय करता' असं कोणी कोणाला विचारत नसे. 'सध्या कोणता क्लायंट' एवढंच विचारायचे. मला मात्र दर वेळी पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं लागे. "मी सेंदाईला एका संशोधन संस्थेत आहे. आफ्रिकेतल्या देशांमधल्या कामगार संघटना एकमेकींना सहकार्य करतात का, याचा आम्ही अभ्यास करतो." यावर कोणीतरी समोशांची बशी पुढे करायचं. एकदा शेजारच्या कुलकर्णी वहिनींनी धीर करून विचारलं, "मग, करतात का?"

मी या विषयात जवळजवळ दहा वर्षं काढली. इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही परिषदेत कोणी विचारला नाही.

"अजून अभ्यास चालू आहे," मी म्हटलं.

"हो ना, घाई कशाला," वहिनी म्हणाल्या.

पुण्यात मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. ज्यांना हा शब्द माहीत नाही ते भाग्यवान. थोडक्यात सांगायचं तर दर जूनमध्ये कॉलेजला तुमची पुन्हा नव्याने ओळख होते. पुढे नवऱ्याची तोक्योला बदली झाली आणि मागोमाग आम्हीही गेलो. मग तो मोठा भूकंप झाला, त्सुनामी आली, अणुभट्टीच्या बातम्या सुरू झाल्या, आणि सेंदाईच्या होशि सेन्सेईंच्या, म्हणजे होशि सरांच्या, प्रकल्पावरचे तिन्ही परदेशी संशोधक आपापल्या देशांत निघून गेले. जागा भरायची होती आणि अर्ज येत नव्हते. मी केला. निवड समितीने मला दोनच प्रश्न विचारले: स्वाहिली येतं का, आणि सेंदाईला राहायची भीती वाटते का. दोन्हींची उत्तरं 'नाही' होती. त्यातलं एक बरोबर निघालं आणि तेवढ्यावर मला नोकरी मिळाली. कंत्राट एक वर्षाचं, दर मार्चअखेर नूतनीकरण. मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी शिन्कानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सेंदाईला जायचं आणि शुक्रवारी परत यायचं. मुलगी तेव्हा तिसरीत होती. फोनवर मी मराठीत विचारायची, ती जपानीत उत्तर द्यायची. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा माझा घरचा अनुभव एवढाच.

आमचा धंदा काय होता ते सांगते. समजा झांबियातले ट्रकचालक संपावर गेले. त्यांचे ट्रक सीमेवर उभे राहिले. सीमेपलीकडच्या देशातल्या चालकांनी तोच माल उचलून पुढे नेला, तर संप बुडाला. म्हणून दोन्हीकडच्या संघटनांनी आधीच ठरवून घ्यायचं की एकाचा संप असताना दुसरा त्याच्या मालाला हात लावणार नाही. याला सहकार्य म्हणतात. हे असं ठरवायला संघटनांचे पुढारी एखाद्या चांगल्या हॉटेलात जमतात, तीन दिवस चर्चा करतात आणि एक संयुक्त निवेदन काढतात. आम्ही ती निवेदनं गोळा करायचो आणि नंतर प्रत्यक्षात काय झालं ते शोधायचो. बहुतेक वेळा असं दिसायचं की नंतर आणखी एक निवेदन झालं.

मुलाखती घेणं ही यातली खरी कला. पहिल्या दौऱ्यात मी सरळ विचारायची, "शेजारच्या देशातल्या संघटनेशी तुमचं सहकार्य आहे का?" सगळे म्हणायचे, "उत्तम आहे." होशि सेन्सेई ते सगळं वहीत उतरवायचे. सडपातळ, मृदू बोलणारे गृहस्थ. सगळं आयुष्य त्यांनी आफ्रिकेतल्या कामगारांना वाहिलं होतं आणि तिथे कोणी चढ्या आवाजात बोललं की त्यांचं पोट बिघडायचं. दुसऱ्या दौऱ्यात मी प्रश्न बदलला. "तुमचा फोन जरा काढा," मी म्हणायची, "आणि त्यांच्या सरचिटणिसांचा नंबर दाखवा." या एका प्रश्नाने आमचे निष्कर्ष पार बदलले. चहा मात्र कमी मिळू लागला.

मिसेस तेंबो या प्रश्नाला हसल्या होत्या. त्या झांबियातल्या ट्रकचालकांच्या एका संघटनेच्या सरचिटणीस. पन्नाशीच्या पुढच्या, भरदार बांध्याच्या. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं आणि मग ते खोडून काढायचं, अशी त्यांची पद्धत. सीमेवरच्या गावात पत्र्याच्या छपराखाली त्यांचं ऑफिस होतं आणि भिंतीवर फ्रेममध्ये एक फॅक्स लावलेला होता. "हा शेजाऱ्यांचा पाठिंबा," त्या म्हणाल्या. "आमच्या संपाच्या चौथ्या दिवशी आला. त्याच दुपारी त्यांचे चालक आमचा माल घेऊन या रस्त्याने गेले. फॅक्स थोडा आधी पोचला, एवढं मात्र मी मान्य करते."

आमच्या पुस्तकाचं चौथं प्रकरण याच फॅक्सवर उभं राहिलं. निष्कर्ष असा की पाठिंब्याच्या पत्रांचा कोणताही प्रत्यक्ष परिणाम आढळत नाही. या निष्कर्षाचं बऱ्याच ठिकाणी कौतुक झालं. काही उपयोग नाही असं सप्रमाण सिद्ध केलं की आमच्या क्षेत्रात मान मिळतो.

आता किकुचि-सान. त्या आमच्या विभागाच्या ऑफिसात होत्या, वय पंचेचाळीसच्या आसपास. तिकिटं, व्हिसा, दौऱ्यांचे अर्ज, झेरॉक्स, सगळं त्याच बघायच्या. भूकंपात आमच्या दप्तरखान्याची लोखंडी कपाटं पालथी झाली होती. पाच-सहा देशांतल्या संघटनांची कागदपत्रं, हजारो सुटी पानं, एकमेकांत मिसळून जमिनीवर पसरली होती. किकुचि-सानचं स्वतःचं घर समुद्राकडच्या भागात होतं, खालचा मजला पाण्याने गेला होता. त्या शाळेच्या निवाऱ्यात राहत होत्या आणि तिथून बसने कामावर येत होत्या. इंग्रजी त्यांना जेमतेम येई, फ्रेंच आणि पोर्तुगीज अजिबात नाही. पानांवर क्रमांकही नव्हते. त्यांनी ती लावली कशी, तर क्लिपचा गंज पाहून. एका गठ्ठ्याच्या पानांवर गंजाची खूण एकाच जागी असते. मग कागदाचा रंग, टाइपरायटरचं तुटकं अक्षर, शाईचा उतार. मी रुजू झाले तेव्हा अर्धी कपाटं लागली होती, पुढच्या दोन वर्षांत बाकीची लागली, आणि त्यांनी हाताने एक सूची केली. आमच्या पुस्तकातलं निम्मं तरी त्या सूचीतून आलं. प्रस्तावनेत त्यांचे आभार आहेत: 'तसेच कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे.'

मी रुजू झाले त्याच सुमारास जपानमध्ये कामगारांच्या भल्यासाठी एक कायदा बदलला. ज्या कर्मचाऱ्याने सलग पाचहून अधिक वर्षं कंत्राटावर काढली, त्याने मागितलं तर त्याला कायम करावं लागेल, आणि वर्षं मोजायची ती कायदा लागू झाल्यापासून. कायद्याचा हेतू उत्तम होता. ऑफिसांनी तो नीट वाचला आणि पाच वर्षं पुरी होताच लोकांना निरोप द्यायला सुरुवात केली. त्या हिशोबाने किकुचि-सानची पाच वर्षं माझ्या पाचव्या वर्षाच्या मार्चमध्ये भरत होती.

त्याआधीच्या फेब्रुवारीत आमचा मोठा परिसंवाद होता, 'सीमापार सहकार्य' या विषयावर. मिसेस तेंबो प्रमुख पाहुण्या. त्यांची सगळी व्यवस्था किकुचि-साननीच केली आणि त्याच आठवड्यात त्यांना कंत्राट पुढे चालू ठेवणार नसल्याची नोटीस मिळाली. होशि सेन्सेईंनी त्यांना खोलीत बोलावून सांगितलं. 'फार वाईट वाटतं, पण हा वरून ठरलेला नियम आहे,' असं म्हणून ते बराच वेळ खाली वाकून उभे राहिले. किकुचि-सानही वाकल्या. आधी सरळ कोणी व्हायचं हा प्रश्नच होता, असं त्यांनी नंतर मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मिसेस तेंबोंना दप्तरखाना दाखवायला नेलं. स्वतःच्याच संघटनेची जुनी इतिवृत्तं त्यांनी तिथे पाहिली. त्यांच्या ऑफिसात ती वाळवीने खाल्ली होती. "हे कोणी लावलं?" त्यांनी विचारलं. मी किकुचि-सानकडे बोट दाखवलं. मिसेस तेंबोंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत. किकुचि-सान संकोचून माझ्याकडे बघू लागल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगून टाकलं की किकुचि-सान मार्चअखेर जाताहेत.

"का?"

मी कायदा समजावून सांगितला. आम्हाला समजावून सांगायची सवय असते.

"आणि तुमची संघटना काय म्हणते?"

"संघटना कायम कर्मचाऱ्यांची आहे. आम्ही कंत्राटी लोक त्यात बसत नाही."

"आम्ही म्हणजे? तूसुद्धा कंत्राटावर?"

"हो."

मिसेस तेंबोंनी आधी मला, मग खोलीभर रचलेल्या संयुक्त निवेदनांना नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "सिस्टर, तुझा फोन जरा काढ. हिचा नंबर दाखव."

माझ्याकडे नंबर नव्हता. पाच वर्षं एका भिंतीआड काम केलं, पण माझ्याकडे होता तो ऑफिसचा अंतर्गत क्रमांक.

मिसेस तेंबो परत गेल्या. आठवड्याने किकुचि-साननी मला कॅन्टीनमध्ये गाठलं. त्या स्वतःच शहरातल्या एका छोट्या संघटनेत जाऊन आल्या होत्या. जपानमध्ये अशा संघटना असतात. एकटा माणूसही सभासद होऊ शकतो, आणि तो एकटा असला तरी मालकाला त्याच्या संघटनेशी बोलणी करावीच लागतात. तोफूच्या दुकानावर एक खोली, तिघं म्हातारे, एक किटली. मी कामगार संघटनांची अभ्यासक. माझ्या बसच्या रस्त्यावर ही खोली होती आणि मला पत्ता नव्हता.

"सावान्तो-सान," त्या म्हणाल्या. सावंत हे आडनाव जपानी जिभेवर असंच येतं. "मला एक लेखी निवेदन हवं आहे. माझं काम तात्पुरतं नव्हतं, कायमचं होतं, असं. तुम्ही पाहिलेलं आहे. अडचण असेल तर राहू द्या."

अडचण होतीच. माझं नूतनीकरण त्याच मार्चमध्ये होतं आणि त्या कागदावर सही होशि सेन्सेईंची. शुक्रवारी घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लिही ना. पण जरा जपून लिही." त्याच्या कंपनीत जपून लिहिण्याचं ट्रेनिंग देतात.

मी जपून लिहिलं. दोन पानं, सुंदर जपानीत. जपानी भाषेची मोठी सोय अशी की कर्त्याशिवाय वाक्य होतं. 'काम नियमित स्वरूपाचे असल्याचे मानले जाऊ शकते. सूची तयार करण्यात आली.' कोणी मानलं, कोणी केली, काही पत्ता नाही. किकुचि-साननी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. माझे सगळे अहवाल त्या तपासायच्या तसंच बारीक पेन्सिलीने तपासलेलं. व्याकरणाची एकही चूक काढली नव्हती. फक्त प्रत्येक वाक्याच्या आधी एक छोटी चौकट काढून ठेवली होती, रिकामी.

मला इतकी लाज आजवर कोणत्याही परीक्षकाने आणली नाही. मी ते दोन पानांचं एक पान केलं. 'मी, सावंत, या विभागात संशोधक आहे. किकुचि-साननी ही सूची केली. ती माझ्या डोळ्यांदेखत केली. हे काम त्यांच्याआधी होतं आणि नंतरही राहील.' खाली सही केली, शिक्का मारला, कागद किकुचि-सानना दिला आणि बसने सेंदाईतल्या खोलीवर गेले. मिसेस तेंबोंना ईमेल केली. त्यात तोफूच्या दुकानावरचा पत्ता होता, पण मी काहीही मागितलं नव्हतं, 'आपल्याला कळावं म्हणून' असं लिहिलं होतं. जपून.

बोलणी मार्चच्या मध्यावर झाली. एका बाजूला प्रशासनाचे तिघं आणि विभागप्रमुख म्हणून होशि सेन्सेई. दुसऱ्या बाजूला किकुचि-सान, तोफूच्या दुकानावरचे दोघं म्हातारे, आणि मी. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. सेन्सेईंनी मला पाहिलं आणि मान खाली घातली. कामगार चळवळीवर त्यांचे सात ग्रंथ आहेत. बोलणी प्रत्यक्ष पाहायची ही त्यांची पहिलीच वेळ असावी, आणि बसायला नेमकी ती खुर्ची मिळाली.

प्रशासनाचे प्रमुख सौम्यपणे म्हणाले की नियम सगळ्यांना सारखा आहे. दोघा म्हाताऱ्यांपैकी मोठ्याने, इशिइ-साननी, चष्मा पुसला आणि बॅगेतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. "हे काल आमच्याकडे आलं," ते म्हणाले. "आम्हाला इंग्रजी येत नाही. पण शिक्के मोठे आहेत."

ते मिसेस तेंबोंचं पत्र होतं. किकुचि-सानना कायम करावं, अशी मागणी करणारं. खाली मिसेस तेंबोंची सही होतीच. तिच्या शेजारी आणखी दोन देशांच्या संघटनांच्या सरचिटणिसांच्या सह्या आणि गोल जांभळे शिक्के. त्यातली एक संघटना तीच, फॅक्सवाली. तीन देशांच्या संघटनांनी आठवडाभरात एका मुद्द्यावर एकमत करून सह्या केल्याचं एकही उदाहरण आमच्या दप्तरात नव्हतं. पहिलं सापडलं ते सेंदाईच्या एका कारकून बाईंसाठी.

प्रशासनाच्या प्रमुखांनी पत्र दोन्ही हातांनी उचललं. जपानमध्ये शिक्का असलेला कागद नुसता बाजूला ठेवता येत नाही. त्याची नोंद होते, त्याला उत्तर द्यावं लागतं, उत्तराचा मसुदा चार टेबलांवरून जातो. शिवाय संस्थेच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या नव्या माहितीपत्रकावर मिसेस तेंबोंचा हसरा फोटो छापून तयार होता. ते होशि सेन्सेईंकडे वळले आणि हळूच म्हणाले, "सेन्सेई, या संघटना खरोखर आहेत का?"

'कल्पना नाही' एवढं म्हटलं असतं तरी प्रशासनाची सुटका झाली असती. पण सेन्सेई हाडाचे शिक्षक. आयुष्यात पहिल्यांदा प्रशासनाने त्यांना त्यांच्या विषयातलं काही विचारलं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि तिन्ही संघटनांचा इतिहास सांगायला सुरुवात केली. स्थापना कशी झाली, फूट कशी पडली, कोणत्या संपात किती दिवस रस्ते बंद राहिले. वीस मिनिटं ते बोलत होते. इशिइ-सान टिपणं घेत होते. शेवटी सेन्सेई म्हणाले, "हे सगळं ज्या कागदांवरून कळतं, ते किकुचि-साननी लावलेले आहेत." मग आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं.

आणखी दोन बैठका झाल्या. किकुचि-सान कायम झाल्या. दर्जा एक पायरी खालचा दिला, पण दप्तरखाना त्यांच्याकडेच राहिला. चौथ्या प्रकरणाचं काय करायचं, असं मी सेन्सेईंना विचारलं. ते म्हणाले, "पुस्तक छापखान्यात आहे." तेव्हा आमच्या पुस्तकात अजूनही पाठिंब्याच्या पत्रांचा कोणताही परिणाम आढळत नाही.

माझं नूतनीकरण त्या वर्षी झालं. त्यानंतरही चार वेळा झालं. त्यानंतर झालं नाही. कोणी डूख धरला असं मला आजही वाटत नाही. प्रकल्प संपला, एवढंच कारण दिलं, आणि सेन्सेई निवृत्त होऊन गेले होते. संशोधकांना कायम करायची मुदत दहा वर्षांची असते. मला त्याला थोडेच महिने कमी होते. योगायोग असतात.

निरोपाचा अर्ज किकुचि-सानकडेच भरायचा होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, पण पेन दिलं नाही.

"इशिइ-सान विचारत होते," त्या म्हणाल्या. "एकटा माणूससुद्धा चालतो. आणि तुम्ही एकट्या नाही. मी शेजारी बसेन."

"नको," मी म्हटलं. "मुलगी, घर, सगळं ग्योतोकुला. इतकी वर्षं सोमवार-शुक्रवार केलं. आता दमले."

"खरंच दमलात?"

"हो."

खरं कारण वेगळं होतं. माझ्यासाठी कोणाला चार माणसांत बसवायचं, माझं नाव घेऊन मागणी करायची, या कल्पनेनेच मला कसंतरी होत होतं. तासिका तत्त्वावरच्या बारा वर्षांत मी एक गोष्ट मन लावून शिकले होते: जूनमध्ये बोलावलं तर जायचं, नाही बोलावलं तर आपणच कारण शोधून द्यायचं. दुसऱ्यासाठी सही करायला मी शिकले होते, पण स्वतःसाठी कोणाची सही मागणं मला जमलं नाही.

किकुचि-साननी पुन्हा विचारलं नाही. पेन दिलं.

ग्योतोकुला आल्यावर काही दिवसांनी मिसेस तेंबोंना फोन केला. आता त्यांचा नंबर माझ्याकडे होता. सगळं सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणे वाक्य पुरं होऊ दिलं.

"तुझ्या बाजूला कितीजण बसले?"

"मी कोणाला बोलावलंच नाही."

मग त्या म्हणाल्या, "माझ्याकडे तीन शिक्के तयार होते. तू विचारायचं होतंस."

"हो."

"मग हे पुस्तकात घाल. सहकार्य का होत नाही, त्या प्रकरणात."

"पुस्तक केव्हाच छापून झालं."

"दुसऱ्या आवृत्तीत घाल."

घालते, असं मी म्हटलं. आमच्या विषयातल्या पुस्तकांना दुसरी आवृत्ती नसते हे त्यांना सांगायला माझ्या जिवावर आलं.